हात वर

दिनानाथरावांबद्दल कोणी काही बोललं की त्यांची अब्रू जाते, आणि भाविकाबद्दल कोणी काहीही बोललं तरी ती नुसती 'चर्चा' असते. आमच्या किनारपट्टी कबड्डी मंडळाचा हा न लिहिलेला नियम. दिनानाथराव मंडळाचे सचिव. भाविका पाम गावची, बेटेगावच्या मैदानावर माझ्या हाताखाली तयार झालेली, आमच्या पट्ट्यातली सगळ्यात चपळ चढाई करणारी पोर. आणि मी सुलू, तिची प्रशिक्षक. सकाळची पाळी बोईसरच्या कारखान्यात, संध्याकाळ मैदानावर. तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते.

झालं असं. नगरच्या स्पर्धेत भाविका रात्री लॉजबाहेर गेली आणि एका मुलाच्या मोटारसायकलवरून परत आली, एवढं कोणीतरी पाहिलं. आम्ही बोईसर स्टेशनात उतरेपर्यंत राईचा पर्वत झाला होता. संघातल्या दिशाचं पोट दुखत होतं म्हणून ही औषध आणायला गेली होती आणि मेडिकलवाल्याच्या पोराने तिला सोडलं होतं. हे सांगायला गेले तर दिनानाथराव म्हणाले, "सुलूताई, आग असल्याबिगर धूर निघत नाय. मुलींच्या शिस्तीचा प्रश्न हाय." आणि भाविका निलंबित. पुढच्या रविवारी कुमारी गटाच्या राज्य संघाची निवड. पुढच्या वर्षी तिचं वय उलटतं, म्हणजे ही एकच संधी.

त्याच रात्री त्याच लॉजवर आमच्या मुलांच्या संघाच्या खोलीत बाटल्या फुटल्या होत्या, लॉजमालकाने येऊन आरडाओरडा केला होता. त्यावर मंडळाने चकार शब्द काढला नाही. पोरं आहेत, चालायचंच! माझं डोकं फिरलं. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी लिहिलं, 'त्या खोलीत पोरांबरोबर आपले सचिव पण बसले होते म्हणतात. त्यांच्या शिस्तीचं काय?'

अब्रुनुकसानीची नोटीस घरी आली.

ती घेऊन पालघरला शैलेशकडे गेले. शैलेश माझा मावसभाऊ, कोर्टात वकिली करतो. त्याने विचारलं, "ताई, तू डोल्यांनी पाहिलंस?"

"नाय. पण सगळे बोलतात."

"मग त्यांनी भाविकाचं केलं तेच तू त्यांचं केलंस. म्हणतात, म्हणतात करत."

मला मिरची झोंबली. झोंबली, कारण खरं होतं. मी मुकाट्याने ग्रुपवरचा मजकूर मागे घेतला, तसं लिहूनही टाकलं. शैलेश म्हणाला, "आता सभेत कोणावर आरोप करू नको. भाविकाचं बोल. बाकीचं ज्याचं त्याला बोलू दे."

मंडळाची सभा निवडीच्या आदल्या दिवशी, शनिवारी बोईसरला होती. निलंबित खेळाडूला सभेत प्रवेश नाही, म्हणून भाविका बाहेर व्हरांड्यात बाकावर बसली. बाद झालेला खेळाडू मैदानाबाहेर बसतो ना, तशीच, गुडघे जवळ घेऊन. खिडकीतून ती मला दिसत होती.

आत सगळे कबड्डीचेच लोक. जुने खेळाडू, पंच, मुलामुलींचे दोन्ही संघ, मधे अध्यक्ष बन्सीभाऊ. माझी पाळी आली तशी मी उठले.

"मी कोणाचं नाव घेनार नाय. मला आपल्या खेळाची एक रीत तेवढी आठवते. चढाईवाल्याचं बोट लागलं आणि पंचाला दिसलं नाय, तरी ज्याला लागलं तो खेळाडू काय करतो?"

"हात वर करतो!" मागून चार-पाच जण ओरडले.

"आणि आपल्याला हे कोणी शिकवलं?"

सगळे दिनानाथरावांकडे बघायला लागले. तारापूरच्या अंतिम सामन्यात पंचाला न दिसलेला स्पर्श त्यांनी स्वतः हात वर करून कबूल केला आणि संघ हरला, ही गोष्ट ते प्रत्येक बक्षीस समारंभात सांगतात. गोष्ट खरी आहे, माझे काका त्या सामन्याला होते.

"त्या रात्री लॉजवर जे जे झालं," मी म्हटलं, "ते ज्याला ज्याला लागतं, त्याने बगावं."

दिनानाथराव ताडकन उठले. चेहरा लाल. "ह्याच्याशी मंडळाचा काय संबंध? पोरं खोलीत काय करतात त्याची जबाबदारी आमी घेतलेली नाय. आमी तर तवाच हात वर केले!" आणि जबाबदारी झटकताना माणूस करतो तसे त्यांनी दोन्ही हात खरोखरच वर केले.

मग मागच्या रांगेतून कोणीतरी खड्या आवाजात पुकारलं, "बाद!"

असा हशा उसळला की बन्सीभाऊंच्या हातातला चहा सांडला. सगळं सभागृह टाळ्या पिटत होतं. दिनानाथरावांचे हात वरच राहिले, खाली घ्यावेत की नाही तेच त्यांना कळेना.

तेवढ्यात मुलांच्या रांगेतून मितेश उभा राहिला. दिनानाथरावांचा सख्खा पुतण्या, मुलांचा कर्णधार. तो हसत नव्हता. त्याने एक हात वर केला.

"मला लागलं. बाटल्या आमीच फोडल्या. भाविकाला औषधाची पिशवी घेऊन येताना मी गॅलरीतून पाहिलेलं. तरी गप बसलो, कारण..." तो काकांकडे बघत राहिला. "काका, तुमीबी व्हतात ना खोलीत. तुमीबी पाहिलंत तिला."

हसणं थांबलं. आता मात्र मला दिनानाथरावांची दया आली, हे कबूल करते. त्यांनी हात खाली घेतले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी उजवा हात वर केला. सरळ, खांद्यातून ताठ, तारापूरच्या मैदानावर केला असेल तसा.

"व्हतो," ते म्हणाले. "पिशवीबी पाहिली. नोटीस मागं घेतो."

बन्सीभाऊ खाकरले. "भाविकाचं निलंबन रद्द. मान्य असलेल्यांनी हात वर करा."

मोजायची गरजच पडली नाही. दिनानाथरावांना तर हात वेगळा उचलावाही लागला नाही, तो होता तिथेच होता.

मला तिथे थांबवेना. खुर्च्यांमधून वाट काढत दारात गेले. भाविका बाकावरून उठली होती, आतला गलका ऐकून तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कबड्डीत समोरचा एक बाद झाला की आपला बाहेर बसलेला एक गडी परत आत येतो. तिला हे मी ती एवढीशी असताना शिकवलं होतं.

"काय झालं, ताई?"

"आत ये," मी म्हटलं, "त्यांचा एक बाद झाला."