अंदाजाचे पाच दिवस

खोटं कशाला बोलू, ती विद्यापीठाच्या आरोग्य-संशोधन विभागात रुजू झाली त्या दिवसापासूनच माझ्या डोळ्यांत खुपत होती. नऊ वर्षं मी तिथे कंत्राटावर आकडे निवडत बसले होते, वर्षअखेरीला एकच कायमची जागा निघणार होती, आणि ती माझीच, असं सर आडून आडून कितीदा तरी म्हणाले होते. त्यात ही आली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, समोरच्या टेबलावर बसली आणि पहिल्याच चहाला मला 'ताई' म्हणून मोकळी झाली. मी तिला मनातल्या मनात 'नवी' म्हणायचे.

काम दिसायला सोपं होतं. दोनशे माणसांच्या मनगटावर आम्ही दिलेले पट्टे असायचे आणि प्रत्येकाची झोप, प्रत्येकाची नाडी रोजच्या रोज आमच्या तक्त्यात उतरायची. काही माणसं मध्येच सोडून गेली, तेव्हा संख्या भरायला सरांनी आम्हा दोघींनाही पट्टे चढवले. वरच्या कार्यालयाला महिन्याचा अहवाल मात्र महिना संपायच्या पाच दिवस आधीच हवा असे, म्हणून उरलेले दिवस आम्ही अंदाजानेच भरायचो आणि खरे आकडे आले की सर दोन्ही ताडून पाहायचे. माझा अंदाज दहात सात वेळा जवळपास यायचा. त्याच्या पुढे आजवर कुणी गेलं नव्हतं.

नवीचा तंतोतंत आला. पहिल्या महिन्यात मी म्हटलं, नशीब. दुसऱ्या महिन्यात तिने वर्षभर तळमळत असलेल्या एका शिक्षिकेच्या रकान्यात सलग सात तासांची झोप लिहिली, तेव्हा मी मनात म्हटलं, आता पडते ही तोंडघशी. शिक्षिका पाचही रात्री सात तास झोपली. सरांच्या कौतुकाला नुसता ऊत आला.

"कसं गं जमतं तुला?" मी ओढूनताणून हसत विचारलं.

"काही नाही हो ताई. त्या माणसाला काय बरं पडेल ते बघते आणि लिहिते."

काय हा साळसूदपणा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिसऱ्या महिन्यात ती जेवायला उठली तशी मी तिचा तक्ता उघडला आणि एका निवृत्त पोस्टमनच्या आठ तासांच्या जागी पाचही दिवस दोन-दोन तास टाकून दिले. माणूस ठणठणीत होता, कुंभकर्णासारखा झोपणारा. एवढा एक आकडा धडधडीत चुकला की हिचा तोरा उतरणार होता.

पुढच्या महिन्यात खरे आकडे आले. दोन, दोन, दोन, दोन, दोन.

"वा! हे कसं ओळखलंस?" सर तिला म्हणाले. सर गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"तो आकडा माझा नव्हता, ताई. पाच रात्री काकांचा डोळ्याला डोळा लागला नाही."

"मला काय माहीत," मी म्हणाले. घाबरले होते, नाही कशाला म्हणू? पण भीतीपेक्षा जळफळाटच जास्त झाला. माझ्या आकड्याची शाबासकीसुद्धा हिलाच मिळाली होती.

त्याच महिन्याच्या सव्वीस तारखेला सरांनी मला खोलीत बोलावलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, की कायमच्या जागेसाठी ते नवीची शिफारस करतायत. मी परत आले तेव्हा ती वाट बघत थांबली होती. स्वतःचा रकाना स्वतः भरायचा नाही, हा आमच्याकडचा जुना नियम.

"तुमचा मी भरलाय, ताई. माझा तुम्ही भराल ना?"

"भरते की," मी म्हणाले.

झोप शून्य, नाडी शून्य, सत्तावीस ते एकतीस. पट्टा काढून ठेवला की शून्यच येतं, असं मी स्वतःला बजावलं. तसं ते येत नाही, जागा कोरी राहते, हे नऊ वर्षांत मीच दहा जणांना शिकवलं होतं. अहवाल पाठवून दिला आणि मगच, हात पुसून, माझा रकाना उघडला. हिने माझं काय वाटोळं करून ठेवलंय ते बघायचं होतं.

पाचही रात्री झोप आठ तास. नाडी बहात्तर, पाचही दिवस. बाजूला बारीक अक्षरात एक टीप होती: 'ताईंना अलीकडे झोप लागत नाही. थोडा आराम मिळू दे.'

मी पाठवलेला अहवाल परत मागवायला धावले, दोनदा फोन केला. वर गेलेला अहवाल खाली येत नाही, असं पलीकडचा कारकून म्हणाला.

सत्तावीस तारखेच्या सकाळी सर दारात उभे राहिले आणि नवी रात्रीच गेल्याचं त्यांनी सांगितलं. विभागात सगळे रडले. मीही रडायचा खूप प्रयत्न केला. छातीत काहीच हललं नाही, मनगटावर बहात्तर होते.

आज एकतीस तारीख. गेल्या चार रात्री मी लहान मुलासारखी गाढ झोपले आहे आणि आजही झोपेन. उद्यापासूनचा माझा रकाना कोरा आहे.