काशीला काय सोडणार?

काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू तिथं सोडून यायची आणि पुन्हा जन्मात तिच्या वाटेला जायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज आहे. बहुतेक लोक कारलं सोडतात. काही दोडका सोडतात. आमच्या नागुबाईनं शिमला मिरची सोडली, जी तिनं त्याआधी कधी चाखलीही नव्हती. देव बिचारा सगळं ठेवून घेतो, कुरकुर करत नाही.

लक्ष्मणरावांचंही असंच सुखरूप पार पडलं असतं. मध्ये कीर्तन आलं, म्हणून सगळा घोटाळा झाला.

चाकूरच्या अलीकडं आमचं गाव. माघात मारुतीसमोर सप्ताह बसतो. लक्ष्मणराव म्हणजे उजव्या रांगेतले पहिले टाळकरी. घरचं रान, दावणीला एक गाय, पोरगा अंगद नांदेडला नोकरीला, माणूस सुखी. पण त्यांचं खरं सुख बघायचं असेल तर कीर्तनात बघावं. महाराजांनी चाल धरली आणि मृदंग भरात आला की लक्ष्मणरावांचे पाय आपोआप उचलायला लागतात, डोळे मिटतात, टाळ कानाच्या वर जातात. रानात वाकून वाकून आखडलेली पाठ त्या वेळी बाभळीच्या काठीसारखी सरळ होते. आम्ही मांडवातले लोक महाराजांकडं कमी आणि त्यांच्याकडं जास्त बघतो.

त्या संध्याकाळी कीर्तनाला उमरीकडचे सुदाम महाराज उभे होते. विषय त्यागाचा. महाराजांचा आवाज असा की म्हातारी माणसंही भिंतीचा टेकू सोडून बसतात.

"काशीला जाऊन कारलं सोडणारे मी लई बघितले," महाराज म्हणाले. "अर्ध्या मराठवाड्याचं कारलं त्या विश्वनाथाच्या दारात पडून आहे. देवानं त्याचं करायचं काय? भाजी करायची का?"

मांडव हसून हसून लोळला. लक्ष्मणराव तर टाळ पोटाशी धरून हसत होते. तेवढ्यात महाराजांनी त्यांच्याकडं बोट केलं.

"हसून राहिलेत ते लक्ष्मणराव. सप्ताह उठला की जोडीनं काशीला निघालेत, असं कानावर आलं. या, पुढं या."

महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. बायकांच्या बाजूला लक्ष्मणरावांच्या मंडळींनी, मंजुळाबाईंनी, पदर सारखा केला. ही यात्रा त्यांच्या मनात अंगद पाळण्यात होता तेव्हापासून होती आणि आता अंगदच्या डोक्याला टक्कल पडायला लागलं होतं.

"मग लक्ष्मणराव, काय सोडणार?"

मृदंगावर सटवाजी होता, लक्ष्मणरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं नको तेव्हा हळूच लय वाढवली. गळ्यात हार, कानात मृदंग, समोर महाराज. लक्ष्मणरावांचा ऊर भरून आला आणि ते ओरडले, "महाराज, मला ह्या जगात जे सगळ्यात जास्त आवडतं, तेच सोडणार!"

सटवाजीनं थाप मारली. विठ्ठलनामाचा गजर असा उठला की मारुतीच्या कळसावरचे पारवे उडाले.

घरी परत येताना मंजुळाबाईंनी विचारलं, "अवो, ते काय म्हनून बसलात तुमी? सगळ्यात जास्त आवडतं म्हंजे काय?"

"आं?" लक्ष्मणराव म्हणाले. हार अजून गळ्यातच होता. "ते... बघू की."

"मला सोडून येऊ नका म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांच्या मागं लागलं. यात्रेला निघालेल्या जोडप्याला घरोघरी जेवायला बोलावतात. एरवी वरण, भात, शिरा असं साधं जेवण असतं. पण आता प्रत्येक घराला वाटायला लागलं की लक्ष्मणरावांची खरी आवड फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. एका घरी खव्याच्या पोळ्या झाल्या. दुसऱ्या घरी धपाटे आणि दही. सटवाजीच्या घरी तर त्याच्या बायकोनं, तारामतीनं, भज्जी केली. भज्जी म्हणजे येळवशीला, वेळ अमावस्येला, रानात खायची. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, चार तऱ्हेच्या पालेभाज्या आणि चिंच बेसनात घोटून केलेली. ती माघात कुणी करत नाही. तारामतीनं केली.

"खाऊन घ्या, भावजी," ती वाढत म्हणाली. "पुना न्हाई मिळायची."

"मी कवा म्हनलो भज्जी सोडून राहिलो म्हनून?"

"लक्ष्मणा, येळवशीला तू किती भज्जी खातोस ते सगळ्या शिवाराला म्हाईत हाय," सटवाजी म्हणाला. "मागल्या येळवशीला तू खाऊन उठलास आन् आमच्या बैलानं तुझ्याकडं बघून मान खाली घातली."

मंजुळाबाई पदराआड हसल्या. लक्ष्मणराव हसले नाहीत. त्यांनी भज्जी खाल्ली, पण दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही. तारामती घाबरून सटवाजीला म्हणाली, "तब्येत बरी हाय न्हवं त्यांची?"

तब्येत बरी होती, पण इरादा डळमळला होता.

आधी गुडघा दुखायला लागला. "काशीला घाट लई उंच हायेत म्हनत्यात. गुडघ्याचं काय खरं न्हाई."

"कीर्तनात तर गाभण म्हशीवानी नाचून राहिलात काल," मंजुळाबाई म्हणाल्या आणि चिवड्याचा डबा पिशवीत घातला.

"गाभण म्हशी नाचत न्हाईत."

"तेच म्हनून राहिले मी. गुडघा दुखणारी माणसं बी नाचत न्हाईत."

मग गाय आठवली. "गाय आज उद्याला व्यायला आलीय. अशात तिला सोडून जायाचं म्हंजे..."

"सटवाजी भावजी बघून घेत्याल. गाय ह्याच्या आधी तीनदा व्यालीय, तवा तुमी भजनातच होतात."

मग त्यांनी नांदेडला पोराला फोन लावला.

"आंगद, ते तिकिटं रद्द व्हत्यात का रे?"

"आबा!" पलीकडून अंगद ओरडला. "तुम्ही परत सुरू केलं?"

"न्हाई रे, सहज इचारलो."

"सहज विचारू नका. माय कुठंय? मायला द्या फोन."

लक्ष्मणरावांनी फोन ठेवून दिला.

आता खरं सांगायचं तर गुडघा, गाय, तिकिटं, सगळं वरवरचं होतं. भज्जीचंही काही नव्हतं. भज्जी सोडायला ते तयार होते, डोळ्यांत पाणी आणून का होईना. गावानंही मान्य केलं असतं. पण शब्द गावासमोर गेला असला तरी ऐकणारा दुसराच होता. त्याला कारलं चालत नाही तर भज्जी कशी चालेल? आणि आपल्याला जगात सगळ्यात जास्त काय आवडतं, हे लक्ष्मणरावांना तोंडातून शब्द बाहेर पडला त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हा ते त्याच्याच मधोमध उभे होते, टाळ हातात घेऊन.

कीर्तन सोडायचं? उजवी रांग सोडायची? सप्ताहात घरी खाटेवर पडायचं आणि लांबून मृदंग ऐकायचा? काशीला गेलं नाही तर काही सोडावं लागणार नाही, एवढीच एक वाट त्यांना दिसत होती. आणि त्या वाटेवर मंजुळाबाई पिशवी भरून बसल्या होत्या.

काल्याच्या दिवशी त्यांनी धीर करून महाराजांना गाठलं. कीर्तन संपून हंडी फुटली होती. महाराज लाह्या आणि दह्याचा काला पोरांच्या ओंजळीत वाटत होते.

"महाराज, ते मी परवा जे बोललो..."

"फार छान बोललात!"

"हाव. पर माणसाला आपली आवड चुकून भलतीच वाटू शकते का?"

महाराजांनी त्यांच्या ओंजळीत काला घातला, त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं आणि हसले. "माणसाची आवड माणसाला स्वतःला थोडीच कळते, लक्ष्मणराव? ती घरच्या मंडळींना ठाऊक असते. त्यांना विचारा."

घरच्या मंडळींना! लक्ष्मणराव काला खात घरी आले आणि त्यांनी काही विचारलं नाही. मंजुळाबाईंनी "कीर्तन" म्हटलं असतं तर मग सुटकाच नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी अंगद गाडी घेऊन आला. पिशव्या गाडीत गेल्या. सटवाजी मृदंग घेऊन आला, चार टाळकरी आले, वेशीपर्यंत वाजवत घालवायचं म्हणून. तारामतीनं मंजुळाबाईंची ओटी भरली. सगळं तयार झालं आणि लक्ष्मणराव ओट्यावर बसून राहिले. पायातल्या चपला काढून त्यांनी शेजारी नीट लावून ठेवल्या होत्या.

"आबा, चला. नांदेडला गाडी चुकंल."

"तुमी व्हा फुडं," लक्ष्मणराव म्हणाले. "तू जा तुझ्या मायला घेऊन. मी न्हाई येत."

सटवाजीचा हात मृदंगावर तसाच राहिला. मंजुळाबाई गाडीत बसल्या होत्या, त्या उतरल्या. ओटी सांभाळत ओट्याजवळ आल्या. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं; त्या चिडल्या नव्हत्या. हे आपल्याला कधीपासून ठाऊक होतं, असा तो चेहरा होता.

"काय झालं?" त्यांनी हळू विचारलं. "गुडघा का गाय, ते सांगू नका. खरं काय ते सांगा."

लक्ष्मणरावांना एवढ्या लोकांत बोलायची लाज वाटली. पण लोक हलायला तयार नव्हते.

"शब्द देऊन बसलो न्हवं का," ते म्हणाले. "सगळ्यात जास्त आवडतं ते सोडतो म्हनून. भज्जी म्हनून राहिलेत सगळे. आगं आंगदची माय, भज्जी न्हाई ती. कीर्तन हाय. ते सोडलं तर मी माघारी येऊन करू काय? आन् न्हाई सोडलं तर त्या विश्वनाथापुढं तोंड कसं दाखवू?"

सटवाजीनं तोंड दुसरीकडं फिरवलं. टाळकरी खाली बघायला लागले.

मंजुळाबाई मात्र बघता बघता हसायला लागल्या. आधी बारीक, मग ओटीतला नारळ हलायला लागला इतक्या.

"हसू नको गं. जीव चाललाय माझा."

"हसू न्हाई तर काय करू? कीर्तन म्हने!" त्या ओट्यावर त्यांच्या शेजारी टेकल्या. "कीर्तन तुमाला आवडतं, न्हाई म्हनत न्हाई मी. पर त्याच्याहून जास्त आवडतं असं एक हाय तुमाला."

"काय?"

"पुढल्या साली."

"आं?"

"स्वैपाकघरावरचे पत्रे गळून राहिलेत, तवा काय म्हनलात? पुढल्या साली बदलू. माझी नथ मोडली, पुढल्या साली करू. मोरीला दार लावा म्हनले, पुढल्या साली. आन् ही काशी? आंगद पाळण्यात व्हता तवापासून, पुढल्या साली." मंजुळाबाईंनी पदरानं डोळे पुसले, हसण्याचं पाणी होतं, पण सगळंच हसण्याचं असेल असं नाही. "ताप आला तवा तुमी कीर्तन बुडिवलंत. आंगदच्या लग्नात बुडिवलंत. पर पुढल्या सालीला तुमचा एक दिस खाडा न्हाई. आजच्याला सुद्दा न्हाई. चपला काढून बसलात की न्हाई?"

मग सटवाजीनं मृदंगावर अशी थाप मारली की गोठ्यातली गाय उभी राहिली.

"वहिनी, बराबर! एकदम बराबर! लक्ष्मणा, मला पखवाजाला नवीन शाई लावायला लातूरला नेतो म्हनलावता, आठवतं का? पुढल्या साली!"

"आबा," अंगद म्हणाला, "माझी सायकल."

"तू गप रे," लक्ष्मणराव म्हणाले. पण त्यांच्या तोंडावरचा रंग पालटत होता. कीर्तन वाचलं होतं. उजवी रांग जागच्या जागी होती. ते उठले आणि एक चप्पल पायात घातली. मग दुसरी घालता घालता थबकले, कारण पुढचा विचार मनात आला होता.

"म्हंजे मग... जन्मात पुना म्हनायचंच न्हाई?"

"तोंडाला लावायचं न्हाई."

"एकदा बी?"

"कारल्यासारखं."

लक्ष्मणरावांनी सटवाजीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, गळक्या पत्र्यांकडं बघितलं. मग अगदी काकुळतीनं म्हणाले, "आंगदची माय, त्यापरीस भज्जी सोडू का गं मी?"

मांडव हसला नव्हता इतकं ते अंगण हसलं. त्याच हसण्यात लोकांनी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि टाळमृदंगाच्या गजरात वेशीपर्यंत नेलं.

गाडी अहमदपूरच्या पुढं गेल्यावर लक्ष्मणरावांना एक सवलत सुचली. "सोडायचं ते काशीला गेल्यावर न्हवं? तवर मुभा हाय की."

"हाय," मंजुळाबाई म्हणाल्या.

मग लक्ष्मणरावांनी ती मुभा अशी वापरली, की शेवटचं जेवण जेवणारा माणूस तसा जेवत नसेल. लोह्याजवळ अंगद चहाला थांबू का म्हणाला, तर "पुढल्या साली." नांदेडच्या स्टेशनात हमाल सामान उचलू का म्हणाला, तर "पुढल्या साली." फलाटावर चणे विकणाऱ्या पोराला त्यांनी स्वतः बोलावून घेतलं आणि तेच ऐकवलं. अंगद डोक्याला हात लावून उभा होता.

रेल्वे सुटली. नांदेड मागं पडलं तसे दोघांनी गोदावरीच्या दिशेनं हात जोडले. लक्ष्मणराव ऐटीत मांडी घालून बसले. तोंडात मुभा होती, पण विचारणारं कुणी नव्हतं.

"आगं," ते म्हणाले, "तुला काय मागायचं असंल, करायचं असंल, तर इचार की."

मंजुळाबाईंनी चिवड्याचा डबा उघडला, एक मूठ त्यांच्या हातावर घातली, एक स्वतः घेतली आणि बाहेर पळणारी रानं बघत बसल्या.

"काईच न्हाई का इचारायचं?"

"हाय की," त्या म्हणाल्या. "लई हाय. सगळं येताना इचारते."