यीस्टच्या चार रेघा

मित्रांनो, मी एक जुना वर्णपटदर्शक आहे. पितळेची वीतभर नळी, एका टोकाला बारीक फट आणि आत काचेचा लोलक. फटीतून आलेल्या उजेडाचे मी तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग पाडतो. वाटेत कुणी एखादा रंग गिळला, की तिथे काळी रेघ दिसते. चोर पकडण्यासारखेच काम हे, त्यामुळे माझा स्वभाव संशयी झाला. आज तुम्ही मला इतके निरखून का पाहता आहात, हेही मी ताडून पाहतो आहे.

एका जर्मन कारागिराने मला घडवले. त्याने सात वेळा तपासले आणि तरी कुरकुरतच पेटीत ठेवले. तिथून मी हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी, प्राध्यापक रूलोफ हुक्झेमा यांच्या प्रयोगशाळेत आलो. पंधरा वर्षे मी रक्त तपासले, पानांचा रस तपासला. माझे कौतुक होई. मग १९२६ साली माझ्यावरच आळ आला.

अलाइडा वासिंक या सरांच्या साहाय्यक. त्यांनी यीस्ट पाण्यात कालवून, काचनळीत भरून माझ्यापुढे ठेवले आणि माझ्यातून पाहिले. त्यांना चार काळ्या रेघा दिसल्या. सरांनी पाहिले, तर काहीच नाही. तीन आठवडे हेच चालले होते.

"तुमच्या डोळ्यांना विश्रांती हवी, वासिंकबाई," सर म्हणाले.

"माझे डोळे ठणठणीत आहेत, सर."

"मग या यंत्रात घाण असेल. नाहीतर तुम्हाला जे हवंय तेच तुम्ही बघताय. शुक्रवारपर्यंत मला रेघा दिसल्या नाहीत, तर तुमच्या अहवालावर माझी सही मिळणार नाही. आणि मग मला दुसरा साहाय्यक बघावा लागेल."

बाई पुन्हा काचनळीकडे वळल्या. त्या रात्रंदिवस खपल्या होत्या, आणि आता त्यांची नोकरीच टांगणीला लागली होती. मला घाण म्हटल्याचा मला फार राग आला. सर बाईंवर जळतात, असे मला वाटले. मग वाटले, बाईच थापा मारत नसतील ना? शेवटी स्वतःचाच संशय आला, आपल्या लोलकाला तडा तर गेला नाही?

सरांची एक सवय होती. यीस्ट तळाशी बसते, म्हणून ते आधी नळी खळखळून हलवत आणि मग लगेच माझ्यापाशी डोळा आणत. अर्ध्या मिनिटात बघून झाले. बाई मात्र नळी ठेवून निवांत चित्र काढत बसत. याकडे कुणाचेच लक्ष नव्हते, माझेही नाही.

शुक्रवारी सरांनी नळी हलवून माझ्यापुढे ठेवली, तेवढ्यात कॉफी देणाऱ्या स्टीन्येमावशी आल्या.

"साडेदहा वाजले, प्रोफेसर. तुमच्या रेघा काही पळून जात नाहीत, कॉफी मात्र गार होते."

"आल्याच नाहीत, तर पळतील कशा?" सर म्हणाले. पण त्या गावात साडेदहाची कॉफी कुणी चुकवत नाही. मावशींनी प्रत्येकाला एकेक बिस्किट दिले आणि डब्याचे झाकण लावले. सरांनी डब्याकडे पाहिले.

"एकच," मावशी म्हणाल्या.

कॉफी संपवून सरांनी माझ्यापाशी डोळा आणला आणि तसेच थबकले.

"नळी बदललीत, वासिंकबाई?"

"तुमच्यासमोरच तर बसले होते मी. बिस्किट खात."

"मावशी, तुम्ही?"

"मला काय करायचंय तुमच्या नळीशी?"

सरांनी नळी हलवली. रेघा गेल्या. त्यांनी बाईंकडे रोखून पाहिले. बाईंच्या मात्र ध्यानात आले होते.

"सर, आता हात लावू नका. नुसतं बघत राहा."

सर बघत राहिले. थोड्या वेळाने चारही रेघा परत आल्या.

"हलवलं की हवा आत जाते," बाई म्हणाल्या. "यीस्ट ती संपवतं, मग रेघा उमटतात."

मित्रांनो, पेशी अन्नातले इलेक्ट्रॉन काढून घेते आणि एका वाहक रेणूकडून दुसऱ्याकडे देत जाते. या देवाणघेवाणीत थोडी थोडी ऊर्जा सुटते, आणि तिच्यावर पेशीचे काम चालते. शेवटी इलेक्ट्रॉन घेतो तो प्राणवायू. तो संपला, की वाहकांचे हात भरलेलेच राहतात, आणि अशा भरल्या हातांच्या वाहकांच्या रेघा मला ठळक दिसतात. हवा मिळाली, की हात मोकळे होतात आणि रेघा पुसट होतात. यातले बरेचसे पुढे अनेकांनी मिळून उलगडले. इंग्लंडात या रेघा आधीच कुणी पाहिल्या होत्या, हेही आम्हाला नंतर कळले.

सरांनी अहवाल ओढला आणि टाक उचलला. आता हे वर स्वतःचे नाव घालणार, अशी माझी खात्रीच होती. पण त्यांनी बाईंच्या नावाला हात लावला नाही. खाली एक ओळ लिहिली आणि सही केली. बाईंनी ती मोठ्याने वाचली, "तीन आठवडे मला रेघा दिसल्या नाहीत, कारण मी नळी हलवत होतो."

"हे लिहायलाच हवं का, सर?"

"उद्या दुसरा कुणी हलवेल. त्याला कळायला नको?"

मला माझी फार लाज वाटली.

आता मी एका काचेच्या कपाटात पडून असतो. वर्षानुवर्षे कुणी माझ्यातून पाहिलेले नाही. मित्रांनो, संशय जरूर घ्या, पण आधी आपल्या हातांचा घ्या. आणि कधी मला बाहेर काढलेत आणि काही दिसले नाही, तर माझ्यात घाण आहे म्हणण्याआधी थोडे थांबा.