एकाहत्तर एकाहत्तर

टाकीचं झाकण घट्ट फिरवून ज्ञानेश्वरीने वरची झडप लावायला हात नेला, आणि झडपेच्या आतल्या बाजूला चिकटवलेली अक्षरं तिला दिसली. डिझेल. तिने नुकतीच मशीनला अडकवलेली नळी पेट्रोलची होती.

गाडी आप्पासाहेबांची. शेवटचे आकडे एकाहत्तर एकाहत्तर. मिरजगावात हा नंबर पोरंसोरंही ओळखत, मग पंपावरच्या बायकांचं काय सांगावं. तो नंबर आत वळला की पेट्रोलची नळी उचलायची आणि टाकी भरायची, इतकी सवय हाताला झालेली. आप्पासाहेबांनी याच आठवड्यात गाडी बदलली होती. पण रंग तोच पांढरा, बनावट तीच, आणि जुना नंबरही त्यांनी हौसेने, जास्तीचे पैसे भरून नव्या गाडीवर घेतलेला. बदललं होतं ते फक्त पोटातलं इंजिन.

पंप कंपनीने चालवायला घेतला तेव्हा तिथे दुकान आलं, स्वच्छतागृह आलं, बायकांना निळे सदरे आले आणि नियमही आले. आधी नमस्कार करायचा, मग पेट्रोल का डिझेल ते तोंडाने विचारायचं, मग मशीनवरचं शून्य दाखवायचं. परक्या गाडीला सगळ्याजणी हे बिनचूक करत. पण रोजच्या माणसाला विचारायचं म्हणजे घरी आलेल्या मामाला तुमचं नाव काय म्हणण्यासारखं. ते कुणालाच जमत नसे, आणि गिऱ्हाइकालाही ते आवडत नसे. त्यात आज मागच्या सीटवरून आप्पासाहेबांच्या आईंनी, आक्काबाईंनी, काच खाली करून विचारलं होतं, "भावाकडंच हायेस का गं अजून?" नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला हा प्रश्न कुठे लागतो ते विचारणाऱ्याला कळत नाही. ज्ञानेश्वरी हसून "व्हय" म्हणाली होती आणि मान खाली घालून टाकी भरत राहिली होती.

ड्रायव्हर बन्सी कंबरेच्या दुखण्यामुळे हल्ली खाली उतरत नसे. आल्या आल्या "फुल्ल करा, ताई" एवढंच तो बोलला होता. आता त्याने आरशातून मागे पाहिलं.

"झालं का, ताई?"

तिचा हात अजून झडपेवरच होता. एक शब्द बोलली असती तर गाडी चालू झाली नसती, ढकलत बाजूला घेऊन टाकी रिकामी करता आली असती. पण गेल्या दिवाळीत सोबत काम करणाऱ्या जास्मिनच्या हातून एका टेम्पोत असंच झालं होतं. तिने आपण होऊन सांगितलं, आणि कंपनीने त्याच संध्याकाळी तिचा सदरा काढून घेतला. हा पगार होता म्हणून ज्ञानेश्वरीची भावजय तिला चहाला हाक मारत होती. ती घाबरली, एवढंच खरं. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

"झालं," ती म्हणाली.

गाडी नगरच्या दिशेने गेली.

तासाभरात ती परत आली, ट्रॅक्टरच्या मागे दोराने बांधून. आक्काबाईंना दुकानातल्या खुर्चीवर बसवलं. नगरच्या डॉक्टरांकडची त्यांची वेळ हुकली होती. मागोमाग आप्पासाहेब आले. आवाज न चढवता बोलणारे गृहस्थ. 

"नव्या गाडीत पेट्रोल भरलंय तुमच्या पंपावर. कुणी भरलं?"

मॅनेजर रविराजने आत जाऊन कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं आणि तो बाहेर आला. चित्रात नळी दिसत होती, ज्ञानेश्वरी दिसत होती. आवाज त्या कॅमेऱ्यात येत नसे.

"तू विचारलं होतंस का?" त्याने तिला विचारलं.

 ती तोंड उघडणार तेवढ्यात बन्सी गाडीला टेकून उभा होता तिथूनच बोलला.

"मीच पेट्रोल म्हनलो, सायेब. जुन्या गाडीची सवय. तोंडातनं गेलं."

रविराजने पुन्हा तिच्याकडे पाहिलं. "असं झालं?"

"व्हय," ती म्हणाली.

आप्पासाहेबांनी नुसता हात पुढे केला. बन्सीने खिशातून चावी काढून त्यावर ठेवली, आणि ज्या गाडीवर त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं तिच्याकडे न बघता तो रस्ता धरून चालू लागला.

बिचाऱ्याचा खरंच तसा समज झाला असेल, असं ज्ञानेश्वरीने मनाला सांगितलं. वय झालंय, आपण काय बोललो ते माणूस विसरतो. ही समजूत तिने पदराच्या गाठीसारखी जपली. रात्री झोप लागायची ती तिच्याच जोरावर.

मात्र त्या दिवसापासून ती सगळ्यांना विचारू लागली. ओळखीच्यांना, सरपंचांना, दुधाच्या गाडीवाल्यालाच काय, मोटारसायकलवाल्यांनासुद्धा.

"पेट्रोल का डिझेल?"

"डिझेलची फटफटी आमाला बी दाव की एखादी," लोक म्हणत. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावत. रविराज मात्र खूश होता; नियम कसा पाळावा ते हिच्याकडून शिका, असं तो नव्या मुलींना सांगे.

उसाचा हंगाम सुरू झाला आणि एका दुपारी रांगेत बन्सी आला. पोराची जुनी मोटारसायकल होती. दाढी वाढलेली, अंगात कुठल्याशा ट्रॅक्टरवरच्या मजुरीने मळलेला शर्ट. तो दिसला तशी तिला रांग सोडून आत जावंसं वाटलं, पण मागे गाड्या खोळंबल्या होत्या.

तिने नमस्कार केला.

"पेट्रोल का डिझेल?" सवयीने तिच्या तोंडून गेलं.

मागचे दोघे-तिघे हसले. बन्सी हसला नाही. त्याने खाली उतरून, कंबरेवर हात ठेवत, सावकाश टाकीचं झाकण उघडलं.

"पेट्रोल," तो म्हणाला. मग तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू, "आज मी सांगितलंय बरं का, ताई."

मशीनवर शून्य आलं होतं. ते दाखवायला तिचा हात वर होईना. बन्सीनेच तिकडे पाहिलं आणि मान हलवली.

"दिसतंय," तो म्हणाला. "भरा."