महानंदाचं घुमणं

दारात शिवबाई नारळ आणि हिरवा खण घेऊन उभी होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर वस्तीवर काल पहिल्यांदाच यल्लम्माची जत्रा भरली होती आणि जत्रेत महानंदाचं नाटक झालं होतं. ही कौतुक करायला आली असणार, असं वाटून महानंदा सुखावली. सोलापूरच्या गिरणीत सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईच्या वाट्याला कौतुक येतंच किती? मुकादमाने शिवी दिली नाही, तरी तिला तो दिवस चांगला वाटायचा.

शिवबाईने तिची ओटी भरली आणि खाली वाकून पायाला हात लावला. शिवबाई तिच्या आईच्या वयाची. महानंदा चटकन मागे सरकली.

"काल तू काशम्माकडं बोट केलंस," शिवबाई म्हणाली. "आमची नात का सुकत चाललीया, त्ये आता कळलं."

नाटक चेटकिणींच्या खटल्याचं होतं. महानंदा त्यात सोनी झाली होती. ही सोनी महाबिलंदर. आपली चोरी लपवायला ती अंगात आल्याचं सोंग करते, केस मोकळे सोडून घुमते आणि एकेका बाईला चेटकीण ठरवते. पंच माना डोलावतात. बोट थेट प्रेक्षकांकडे करायचं, ही गुरप्पाची कल्पना. हा गिरणीतला टाइमकीपर. नाटक त्यानेच बसवलेलं आणि या कल्पनेवर स्वारी भलतीच खूश होती. पुढे कोण बसलंय, ते दिव्यांच्या उजेडामुळे महानंदाला दिसतसुद्धा नव्हतं. बसली होती ताक विकणारी, एकटी राहणारी म्हातारी काशम्मा.

"अवो मावशी, त्ये सोंग हुतं. तालमी केल्या की आमी."

"नाटक तुजं आसंल," शिवबाई शांतपणे म्हणाली. "बोट यल्लम्माचं हुतं."

दुपारपर्यंत विहिरीवर काशम्माची घागर फुटली. मग तिला ओढत आणून देवळापुढे बसवलं. कपाळातून रक्त येत होतं. गुरप्पा सायकल हाणत आला आणि अंधश्रद्धेवर बोलू लागला. दोघांनी त्याला दंडाला धरून सडकेपर्यंत पोचवलं. पोलीस आणतो म्हणून तो होटगीकडे गेला, पण लोकांच्या हातात आत्ताच दगड होते. मी खोटं केलं, मी खोटं केलं, असं महानंदा ओरडून सांगत होती. बाया तिच्याकडे मायेने बघत होत्या. देवी अंगातून गेल्यावर माणसाला काय आठवणार, असं त्या एकमेकींना समजावत होत्या.

तेव्हा महानंदाने अंबाडा सोडला.

ती घुमू लागली. तेच हुंकार, मानेला तेच झटके. एकेकाच्या हातातला दगड खाली पडला.

"म्हातारी निर्मळ हाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तिला पानी द्या. हात लावू नगा."

लगेच पाणी आलं. सगळ्यांनी हात जोडले. काशम्मानेही जोडले, आणि ते बघून महानंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण म्हातारी वाचली होती.

शिवबाईने कापूर पेटवला आणि समोर पदर पसरला.

"आई, ही न्हाय, तर मग कोण?"

खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या बाया एकमेकींपासून हळूच सरकल्या. कुणीतरी आपलं पोर पदराखाली घेतलं.

महानंदा डोळे मिटून घुमत राहिली. थांबली, तर उत्तर द्यावं लागणार होतं.