बुंध्यापर्यंत अडतीस पावलं

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास वनखात्याची गस्तीची गाडी ओढ्याच्या रस्त्याने वर आली, तेव्हा वाँडा किनकेड सरपणाचा ढीग तिसऱ्यांदा रचत होती. लाकडं तीच होती. ढीग आधी राहायच्या ट्रेलरच्या डाव्या अंगाला होता, मग शेकोटीजवळ गेला, आता पुन्हा डावीकडे येत होता. जागा सोडून जाता येत नव्हतं आणि जागेवर बसवत नव्हतं.

गाडीतून वनरक्षक रेयेस उतरली. तिशीतली, बुटकी, हातात नोंदवही. तिने ट्रेलरच्या नंबर प्लेटचा फोटो घेतला, वहीत काहीतरी पाहिलं आणि म्हणाली, "आज तुमचा अकरावा दिवस."

"सातवा," वाँडा म्हणाली. "मी तीस तारखेला आले. बुधवारी."

"तुम्ही आला असाल. ट्रेलर सव्वीसपासून उभा आहे. मी दाराला चिठ्ठी लावली होती. आत कुणी नव्हतं."

"चिठ्ठी मला मिळाली नाही."

"कुणीतरी काढली. तीस तारखेला मी पुन्हा आले तेव्हा ती जाग्यावर नव्हती." रेयेसने वही मिटली. "शुक्रवार चौदावा दिवस. अंधार पडायच्या आत जागा मोकळी करायची. मग महिनाभर या खोऱ्यात मुक्काम नाही."

"मॅडम, शनिवारी शिकारीचा हंगाम सुरू होतो."

"मला ठाऊक आहे."

"एक दिवस."

"बाई, या रस्त्यावर सतरा जणांना मी हेच सांगितलंय. त्यातले सोळा जण 'एक दिवस' म्हणाले."

"आणि सतरावा?"

"त्याने माझ्या अंगावर कुत्रा सोडला." रेयेस हसली, पण वही तिने पुन्हा उघडली नाही.

इथे राहायला कुणाचीच परवानगी लागत नाही, कुणी भाडं घेत नाही, नाव नोंदवायचं नाही. जो आधी येईल त्याची जागा, फक्त चौदा दिवसांच्या वर राहायचं नाही. म्हणूनच हंगामाच्या आठदहा दिवस आधी लोक ट्रेलर आणून उभे करतात आणि घरचं एक माणूस राखणीला बसवतात. किनकेडांकडे या वर्षी ते माणूस वाँडा होती. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरातून तिने त्यासाठी रजा काढली होती. आणि ट्रेलर ओढून आणून ठेवला होता तिचा धाकटा भाऊ ड्वेन याने.

रेयेस गेल्यावर वाँडा चढण चढून गुरांच्या फाटकापाशी गेली. तिथे फोनला सिग्नलची एक काडी मिळते, तीही फाटकाच्या तिसऱ्या आडव्या नळीवर उभं राहिलं तर.

"ड्वेन, ट्रेलर कधी ठेवलास?"

रस्त्याच्या कामावर होता तो. मागे डांबराच्या रोलरचा आवाज येत होता. "का गं?"

"कधी?"

"सोमवारी म्हटलं होतं ना आपण, अठ्ठावीसला."

"मी विचारतेय तू कधी ठेवलास."

"शनिवारी सकाळी. अगं, खाली एक हिरवा पिकअप फिरत होता. जागा गेली असती."

"आणि चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी?"

"ड्वेन."

"सोमवारी पाणी भरायला वर गेलो तेव्हा काढली. मोटारीच्या खणात आहे. मला वाटलं, नेहमीचीच, शेकोटी नीट विझवा वगैरे. वाचली नाही."

"शाब्बास. एक्केचाळीस वर्षांचा झालास."

"मग आता काय? नंबर प्लेट बदलू? माझा तंबू आणतो, माझ्या नावावर राहू."

"तिने ट्रेलरचे फोटो काढलेत, माझं तोंड बघितलंय, आडनाव लिहिलंय. शहाणपणा पुरे."

"बाबांना कोण सांगणार?" ड्वेनने विचारलं, आणि तिने फोन बंद केला.

बाबा म्हणजे ऑर्व्हल किनकेड, वय एकोणऐंशी. मार्चमध्ये खुबा बदलला. रायफल दोन वर्षांपूर्वीच सुटली होती. खांद्याला धक्का सोसत नव्हता. पण किनकेडांच्या शिकारीत रायफलवाल्याइतकंच महत्त्व नजर ठेवणाऱ्याला होतं. ट्रेलरच्या जागेपासून पुढे, उताराच्या तोंडाशी, कधीकाळी तोडलेल्या पाइनचा बुंधा आहे. त्यावर बसलं की खालचं अख्खं कुरण दिसतं. ड्वेन पहाटे खाली उतरून झुडपात दबा धरतो. वर बाबा दुर्बीण घेऊन बसतात. एल्क या मोठ्या हरणांचा कळप झाडीतून बाहेर पडला की नारिंगी टोपी उचलायची: डावीकडे, उजवीकडे, किंवा डोक्यावर धरून ठेवायची, म्हणजे थांब. खाली असलेल्याला झुडपांमुळे कुरणात चार हातांपलीकडचं दिसत नाही. तो टोपीकडे बघतो. बाबांच्या बाबांच्या वेळेपासून हे असंच चाललं होतं.

ट्रेलरच्या जागेपासून बुंध्यापर्यंत अडतीस पावलं होती. वाँडाने ती मोजली होती, बाबांच्या चालीने, वॉकर घेतल्यासारखे हात पुढे धरून. डॉक्टरांनी पन्नासपर्यंत परवानगी दिली होती. रस्त्यावर गाडी लावली तर मध्ये चढाचा बांध लागत होता आणि पावलं दोनशेच्या वर जात होती. गाडी जागेच्या आतच यायला हवी होती. आणि दुसऱ्याच्या मुक्कामात न बोलावता कुणी गाडी घालत नाही. तसा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण या जंगलात बंदूक निघते ती त्यावरूनच.

बुधवारी जागा तासभर सोडायचा धोका पत्करून तिने रस्ता पिंजून काढला. सहा मैल वर, चार मैल खाली. सपाट जागा दोन, दोन्ही भरलेल्या, दोन्हींतून कुरण दिसत नव्हतं. परत येऊन तिने अडतीस पावलं पुन्हा मोजली. एकदा सदतीस भरली. मग पुन्हा मोजली.

संध्याकाळी हिरवा पिकअप गेला. गेले सात दिवस तो रोज जायचा, जागेसमोर आला की चाल कमी करायचा. आत पांढऱ्या मिशांचा एकटा माणूस. तीन वळणं खाली, दगडाळ उतारावर त्याचा मुक्काम होता. चाकांखाली धोंडे लावून त्याने गाडी कशीबशी सरळ केली होती. आज तो थांबला आणि काच खाली केली.

"शुक्रवारी निघताय म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"या रस्त्यावर गुपित राहत नाही. गेल्या वर्षी मी दाढ काढली तेही सगळ्यांना कळलं होतं." त्याने जागेकडे बघितलं. ट्रेलरकडे नाही, शेकोटीच्या दगडांकडे. "किती वाजता?"

"उजेड असेपर्यंत माझी आहे," वाँडा म्हणाली.

"असू दे. मी विचारलं फक्त." काच वर गेली.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. गुरुवारी सकाळी आठ वाजता ती चालत तीन वळणं उतरून त्याच्याकडे गेली. आता जागा पंधरा मिनिटांच्या वर सोडायची नव्हती, म्हणून ती जवळजवळ धावलीच.

तो धोंड्यावर बसून अंडी तळत होता. नाव लायमन ऑस्ट्रँडर, बॉइसी शहरातला, टपालखात्यातून निवृत्त. तिने दम खात सगळं सांगितलं: खुबा, बुंधा, टोपी, अडतीस पावलं.

"उद्या तुम्ही तिथे याल," ती म्हणाली. "या, तुमचा हक्कच आहे. फक्त शनिवारी पहाटे आमचा पिकअप आत येऊ द्या. बाबा बुंध्यावर बसतील. दहापर्यंत. तुमच्या शिकारीला आमचा अडथळा होणार नाही."

"मला शिकार करायची नाही. एल्क खाल्लं की माझं पोट बिघडतं."

"मग जागा कशाला हवी?"

ऑस्ट्रँडरने अंडी ताटलीत काढली, पण खाल्ली नाहीत. "चौऱ्याण्णव साली मी बायकोला घेऊन तिथे उतरलो होतो. लग्नाला तीन आठवडे झाले होते. तंबू ठोकला, शेकोटी पेटवली, कॉफी चढवली. एक माणूस आला, ट्रेलर घेऊन. म्हणाला, ही किनकेडांची जागा आहे. मी म्हटलं, पाटी दिसत नाही. तर म्हणाला, पाटी लागत नाही, लोकांना कळतं."

तो बाबांचा आवाज वाँडाला पाठ होता.

"मी सव्वीस वर्षांचा. तो माझ्याहून दीडपट रुंद. तंबू काढला. कॉफी ओतून दिली. रात्र पिकअपमध्ये, इथेच कुठेतरी. त्यानंतर माझी बायको जंगलात आली नाही. कधीच. ती म्हणाली, तू तंबू काढलासच कशाला?" त्याने काट्याने अंडं फोडलं. "मला तिथे बसून एक किटली कॉफी प्यायची आहे. बस."

"बाबांचं चुकलं," वाँडा म्हणाली.

"तुम्ही कशाला म्हणताय? त्यांना यायचं असेल तर त्यांनी विचारावं."

"ते कुणाला विचारत नाहीत हो."

"मग घरी बसतील."

ती परत चढून आली तेव्हा जागेवर कुणी आलं नव्हतं. दुपारी रेयेस आली. वाँडाने तिला सरळच विचारलं, बुंध्यावर बसण्याला मुक्काम म्हणतात का?

"नाही. बसायला कुणालाही बसता येतं. जंगल सगळ्यांचं आहे. पण दुसऱ्याच्या मुक्कामात गाडी घालायची की नाही, ते माझ्या वहीत नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

फाटकाच्या नळीवर उभं राहून तिने बाबांना फोन केला आणि ऑस्ट्रँडरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मधला एकही शब्द गाळला नाही.

"असला कुणी मला आठवत नाही," बाबा म्हणाले.

"त्यांना तुम्ही आठवता."

"विचारायचं? मी? चोपन्न वर्षं मी त्या बुंध्यापाशी येतोय, पोरी. तो पाइन माझ्या बापाने पाडला."

"सरकारी पाइन, बाबा."

"ड्वेनला सांग, तंबू घेऊन ये."

"ड्वेनचं ऐकूनच हे झालंय. उद्या मी ट्रेलर खाली आणतेय. शनिवारी साडेचारला गाडी दारात लावते. यायचं तर या."

"आणि नाही आलो तर?"

"तर ड्वेन खाली झुडपात बसेल आणि वर टोपी नसेल."

फोन तुटला की त्यांनी ठेवला, ते कळलं नाही. ती नळीवरून उतरली, पुन्हा चढली, पुन्हा लावला. लागला नाही.

शुक्रवारी तिने शेकोटीवर चार बादल्या पाणी ओतलं, काठीने ढवळलं, राखेत हात घालून गार झाल्याची खात्री केली. सरपणाचा ढीग तिथेच ठेवला, नीट रचून. मागून येणाऱ्यासाठी ठेवतातच. साडेपाचला ती ट्रेलर घेऊन निघाली. पहिल्याच वळणावर हिरवा पिकअप वर येताना दिसला. ऑस्ट्रँडरने स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलली. तिनेही उचलली, आणि पुढचे सात मैल आपण बरं केलं की वाईट, याच विचारात गाडी हाकली.

शनिवारी साडेचारला बाबा ओसरीत उभे होते. दाढी केलेली, नारिंगी टोपी डोक्यावर, वॉकर पुढ्यात. वाटभर ते एवढंच बोलले, "दुसऱ्या गिअरमध्ये टाक." ड्वेन आपल्या गाडीने पुढे गेला होता, तो एव्हाना कुरणात उतरला असणार.

जागेच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली, आत घातली नाही. शेकोटी पेटली होती. ऑस्ट्रँडर घडीच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, निखाऱ्यांवर किटली. त्याने गाडीकडे बघितलं आणि मान पुन्हा शेकोटीकडे वळवली.

डोंगराच्या कडेला राखाडी उजेड आला. बाबा बसून राहिले. वाँडाने स्टिअरिंगवर बोटं वाजवायला सुरुवात केली, मग थांबवली, मग पुन्हा सुरू केली.

"वाजवू नकोस."

"उजाडतंय, बाबा."

"मला डोळे आहेत."

पाच मिनिटं गेली. खाली कुरणातलं धुकं हलू लागलं. तिथे ड्वेन ओल्या गवतात पालथा पडून वर बघत असणार, आणि वर त्याला रिकामा बुंधा दिसत असणार. बाबांनी काच खाली केली. गार हवा आत आली.

"ओ," त्यांनी हाक मारली. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "त्या बुंध्यावर कुणी बसलंय का?"

ऑस्ट्रँडर उठला नाही. त्याने कप भरला, एक घोट घेतला, सावकाश.

"पाटी दिसत नाही," तो म्हणाला. मग, "या. गाडी आत घ्या. चाक माझ्या तंबूच्या दोरीवरून नेऊ नका."

अडतीस नाही, एक्केचाळीस पावलं भरली. बाबा मध्ये वळून शेकोटीपाशी गेले होते. तिथे ते थांबले, ऑस्ट्रँडरकडे बघितलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग बुंध्याकडे गेले. बसले. दुर्बीण डोळ्यांना लावली.

दुर्बीण न काढताच ते खेकसले, "ती शेकोटी विझवा. धूर कुरणात उतरतोय. कळप बाहेर यायचा नाही."

वाँडा धावत पुढे आली. "बाबा!"

ऑस्ट्रँडरने तिच्याकडे बघितलं. मग किटलीकडे. कप अर्धा झाला होता. "सुधारला नाही अजून," तो म्हणाला. पण आवाज त्याने खाली ठेवला होता, कुरणात पोहोचू नये इतका. उरलेला कप त्याने पिऊन संपवला, घाई न करता, तळापर्यंत. मग किटली उचलून निखाऱ्यांवर ओतली आणि पाण्याची बादली वाँडाच्या पुढ्यात सरकवली.

ती ओतत गेली, काठीने ढवळत गेली. धूर झाडांत अडकून विरला. तिने राखेत हात घातला. खाली अजून कोमट होतं. तिने आणखी पाणी ओतलं आणि हात तसाच आत ठेवला. बुंध्यावर बाबांनी टोपी उचलली होती, डावीकडे.