फरशीवरची वाकळ

शहाऐंशी साली पूर्णा गावात आश्रुबानं गाण्यांच्या कॅसेटी भरायला एक खोली घेतली. छताला कापसाची पोती ठोकली, तरी आवाज घुमतच राहिला. "मायला, ही खोली हाय का रांजण!" म्हणत त्यानं घरातल्या वाकळा उचलून आणल्या आणि खळ लावून फरशीला चिकटवल्या. घुमणं थांबलं.

पहिली कॅसेट आईची, मनकर्णाबाईची. मशीन सुरू करून त्यानं तिला आत बोलावलं. ती उंबऱ्यातच थबकली.

"ही तुज्या बापाच्या धोतरांची वाकळ हाय. ते गेल्यावर शिवली मी. पाय कसा देऊ रे?"

आश्रुबा चपला घालून त्याच वाकळेवर उभा होता. तो घाईनं बाजूला झाला आणि वाकून वाकळ ओढली. खळीनं फरशीला चिकटलेलं बापाचं धोतर टर्रकन फाटलं.

मशीन चालूच होतं. तेवढा आवाज अगदी स्वच्छ भरला गेला.